नव्या जन्माला लागणारा वेळ : ‘स्मृतिचित्रे’तलं धर्मांतर

‘स्मृतिचित्रे’चा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी टिळकांच्या वेंधळेपणावर येते. घरात उद्याची सोय नाही आणि हे पाहुणे घेऊन दारात उभे. हातात पैसे आले की ते घरी पोचायच्या आत कोणाच्या तरी झोळीत. मग लक्ष्मीबाईंच्या विनोदबुद्धीचं कौतुक, त्यांच्या साध्यासोप्या भाषेचं कौतुक, ‘फारसं शिक्षण नसताना!’ हे आश्चर्य, आणि चर्चा संपते. हे सगळं खरंच आहे. पुस्तक वाचताना मी लोकलमध्ये एकटीच हसलेली आहे.

पण या हसण्याखाली पुस्तकाचा कणा झाकला जातो. ‘स्मृतिचित्रे’ ही एका धर्मांतराची गोष्ट आहे. नीट मोजलं तर दोन धर्मांतरांची. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. मधे पाच वर्षं आहेत. माझं म्हणणं असं, की ही पाच वर्षं हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे, आणि ती लक्ष्मीबाईंनी जशी लिहिली तशी मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाहीत.

आज हे बोलण्याला कारण आहे. धर्मांतर हा शब्द फोनवर दोनच रूपांत दिसतो. एक, साक्षीचे व्हिडिओ. आधी मी दारू प्यायचो, मग प्रभू भेटला, आता मी नवा माणूस. एका मिनिटात सगळं आटोपतं. दुसरं, घरच्या ग्रुपवर येणारे मेसेज, की अमुक गावात तांदळाच्या गोणीसाठी लोकांनी धर्म सोडला. एक बाजू चमत्कार म्हणते, दुसरी आमिष म्हणते. दोघांना मान्य असलेली गोष्ट एकच : हे काम झटक्यात होतं. माणूस विचार करत असेल, कचरत असेल, एक पाऊल पुढे टाकून दोन मागे येत असेल, स्वतःशीच भांडत असेल, याला दोन्हीकडे जागा नाही. म्हणजे ज्याच्याबद्दल एवढा वाद चाललाय त्या माणसाचं डोकंच वादातून गायब आहे. लक्ष्मीबाई ते डोकं परत आणून ठेवतात.

दिमिष्कची वाट

बायबलच्या नव्या करारात नवं होण्याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असते. शौल नावाचा माणूस ख्रिस्ताच्या अनुयायांना धरायला दिमिष्क शहराकडे निघालेला असतो. वाटेत आकाशातून प्रकाश पडतो, तो जमिनीवर कोसळतो, तीन दिवस त्याला दिसत नाही, आणि उठतो तो पौल होण्यासाठीच. धर्मांतराची जगभरातली बहुतेक वर्णनं या सांच्यातून निघाली आहेत. अंधार, प्रकाश, नवा माणूस.

दुसरी गोष्ट निकदेमाची. हा यहुद्यांचा मोठा अधिकारी. तो येशूकडे रात्री येतो, बहुधा लोकांनी पाहू नये म्हणून. येशू त्याला नव्याने जन्मण्याबद्दल सांगतो. निकदेम गोंधळतो. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार, असं अगदी व्यवहारी माणसासारखं विचारतो. आणि प्रसंग संपतो. त्याला पटलं की नाही हे योहान सांगतच नाही. पुढे सातव्या अध्यायात निकदेम सहकाऱ्यांच्या बैठकीत येशूच्या बाजूने एक सावध, कायद्याला धरून वाक्य बोलतो. मग थेट एकोणिसाव्या अध्यायात, येशू क्रुसावर मेल्यानंतर, सुगंधी द्रव्यं घेऊन येतो आणि प्रेताला मूठमाती द्यायला हातभार लावतो. प्रकाश नाही, कोसळणं नाही. तीन वेळा दिसतो, आणि दर वेळी थोडा पुढे सरकलेला असतो. ‘नवा जन्म’ हे शब्द ज्याला सांगितले गेले त्या माणसालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, ही मला त्या शुभवर्तमानातली फार सुंदर गोष्ट वाटते.

मराठीत ख्रिस्ती लेखन सुरू झालं ते साहजिकच पहिल्या वाटेने. अमेरिकन मराठी मिशन 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरमध्ये काम करत होतं; ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरहून निघालं. या जगात वाढलेले, बेळगावचे बाबा पदमनजी यांनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (1857) लिहून त्यांनी मराठी कादंबरीचा पाया घातला, आणि पुढे स्वतःचं चरित्र लिहिलं त्याला नाव दिलं ‘अरुणोदय’. नावातच सगळी रचना आहे. आधीची रात्र, मग पहाट. जुन्या घरातले सण, व्रतं, देवदेव यांचं वर्णन पदमनजी बारकाईने करतात, आणि समाजाच्या अभ्यासकांना ते सोन्यासारखं आहे. पण ते सगळं उजाडण्याची वाट पाहत उभं असल्यासारखं वाटतं. लेखकाला शेवट माहीत आहे आणि प्रत्येक पान त्या शेवटाकडे तोंड करून बसलं आहे.

टिळकांची स्वतःची गोष्टही अशीच सांगितली जाते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटतो, गप्पा होतात, तो बायबल हातात ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करतो. टिळक वाचायला घेतात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येतात आणि तिथून त्यांना पुढे हलता येत नाही. दोन वर्षांत भाकीत खरं होतं. आगगाडीचा डबा ही एकोणिसाव्या शतकातली दिमिष्कची वाटच.

मागे राहिलेली बाई

आता ‘स्मृतिचित्रे’ काय करतं ते पाहा. या गोष्टीतला कॅमेरा ते डब्यातून उचलून घरात आणून ठेवतं.

टिळकांच्या आत काय उलथापालथ चालली होती हे आपल्याला फारसं दिसत नाही, कारण लक्ष्मीबाईंना ते दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो पुन्हा गायब झालेला नवरा. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून या माणसाचं निघून जाणं, परत येणं, नोकरी धरणं, सोडणं हे चालूच होतं. त्यामुळे टिळकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा साक्षात्कार बायकोच्या वहीत आधी एका जुन्या सवयीची पुढची पायरी म्हणून नोंदला जातो. आणि मग कळतं की या वेळी तो गेलाय तो परतीची वाट तोडून.

दिमिष्कच्या वाटेवर आपल्याला पौल दिसतो. त्याच्या मागे घरी कोण रडत होतं, हे कोणी विचारत नाही. मराठी साहित्यात हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी विचारला, आणि तोही कोणावर आरोप न करता. त्या काळात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे बायकोसाठी काय, हे समजून घ्यावं लागतं. नवरा जिवंत आहे म्हणून ती विधवा नाही. पण त्याच्याबरोबर जेवता येत नाही, त्याच्या घरी राहता येत नाही. पदरात लहानगा दत्तू. माहेरची, सासरची माणसं सांभाळतात, पण सांभाळताना दयाही दाखवतात आणि पहाराही ठेवतात. नाशिक, पंढरपूर असे मुक्काम होतात. नवऱ्याची पत्रं येत राहतात. त्या त्याच्यावर चिडतात, त्याच्यासाठी झुरतात, आणि हे दोन्ही एकाच परिच्छेदात करतात.

इथे पुस्तकाची एक मोठी ताकद दिसते. लक्ष्मीबाई हे लिहीत आहेत ते जवळजवळ तीन दशकांनंतर, स्वतः पूर्ण ख्रिस्ती झाल्यावर, टिळक गेल्यावर. त्यांच्या हातात शेवट होता. त्या म्हणू शकल्या असत्या की तेव्हा मी अज्ञानात होते, अंधारात होते. म्हटलं असतं तर मिशनच्या वाचकांना आवडलंही असतं. पण त्या दिवसांतलं दुःख त्या तेव्हाच्याच मापाने लिहितात. ख्रिस्ती लक्ष्मीबाई हिंदू लक्ष्मीबाईंना मधेच अडवून उपदेश करत नाही. जुन्या ‘स्व’ला एवढा मान देणारी धर्मांतराची गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. नवं होण्यासाठी जुन्याला शिव्या घालाव्या लागतात, हा या प्रकारच्या लेखनातला जवळजवळ अलिखित नियम आहे आणि तो इथे मोडला आहे.

धुण्याचं पाणी, पिण्याचं पाणी

पुस्तकाची सुरुवात आठवा. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील 1857 च्या धामधुमीत फाशी गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून काहीही आलं की ते धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, शिवाशिव झाली की पुन्हा आंघोळ, आणि या सगळ्याचा जाच घरातल्या बायकापोरांना. लक्ष्मीबाई हे अशा काही गमतीत सांगतात की आपण हसत हसत पुढे जातो. पण थांबून पाहिलं तर यात एक भयानक गोष्ट आहे. राजवट एका माणसाला लटकवते, आणि दुसरा माणूस उरलेलं आयुष्य धूत बसतो. जे झालं ते पुसून पुन्हा कोरं व्हायची ही धडपड आहे. वडिलांनाही नवी सुरुवातच हवी होती. पाण्यावर त्यांचाही विश्वास होता.

हे लक्षात ठेवून पुढचं पुस्तक वाचलं की जागोजागी पाणी दिसायला लागतं. टिळक एका दिवशी मुंबईत पाण्याने नवे होतात. लक्ष्मीबाईंना वडिलांच्या घरातून मिळालेलं पाणी वेगळं आहे. ते माणसाला माणसापासून अलग करतं. त्या टिळकांकडे नगरला राहायला येतात त्या हे पाणी घेऊनच. म्हणजे आपला स्वयंपाक वेगळा, आपलं पिण्याचं पाणी वेगळं, आपलं सोवळं कायम. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, आणि संसार एकच. टिळक हे चालू देतात, आणि इथे त्यांचं मोठेपण मान्य करायलाच हवं. ज्या माणसाला पैसे, वेळ, वस्तू यांतलं काही धड सांभाळता आलं नाही, त्याने बायकोचा नकार मात्र सांभाळला.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगते. जुनी सॉफ्टवेअर प्रणाली काढून नवी आणायची असली की दोन रस्ते असतात. एका शनिवारी रात्री जुनी बंद करायची आणि रविवारी सकाळी नवी सुरू. याला ‘बिग बँग’ म्हणतात. कागदावर हा रस्ता फार देखणा दिसतो. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही प्रणाली काही काळ शेजारी शेजारी चालवायच्या. एकेक काम नव्यावर आणायचं, दोन्हींची उत्तरं ताडून पाहायची, विश्वास बसला की जुन्याचा तेवढा भाग बंद करायचा. हा रस्ता किचकट, खर्चिक, आणि बघणाऱ्याला हास्यास्पद वाटणारा. पण बँकांसारख्या ठिकाणी, जिथे एक चूक महागात पडते, तिथे अनेकदा हाच धरतात. टिळकांनी पहिला रस्ता घेतला. लक्ष्मीबाईंनी दुसरा. एका छताखाली दोन चुली हा त्यांचा समांतर कारभार होता.

आणि त्या कारभारात जुनं पडलं ते कशामुळे? बायबलातल्या एखाद्या ओळीने प्रकाश पडला, असं त्या सांगत नाहीत. त्यांना छळत होता तो जातीचा प्रश्न. देवाने माणूस केला, जनावर केलं, त्यांतला फरक डोळ्यांना दिसतो. पण माणसामाणसांत या ज्या भिंती आहेत त्या देवाने कुठे केल्या? त्या तर माणसांनीच उभ्या केल्या. हा विचार त्या स्वतःच, स्वतःच्या भाषेत करतात, आणि एकदा तो पटला की ठरवतात : यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं. निश्चय एका विचारात होतो. पण लहानपणापासून अंगात भिनलेली शिवाशिव त्या विचाराचं लगेच ऐकत नाही, डोकं पुढे जातं आणि पोट मागे राहतं, हेही या पुस्तकातून कळतं.

या क्रमाकडे लक्ष द्यायला हवं. आधी जात गळते, मग बाप्तिस्मा येतो. बाप्तिस्म्याने जात गेली, असं हे पुस्तक म्हणत नाही. पाण्याखालून जाण्याआधी बाई परक्या हातचं पाणी प्यायला शिकते. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पंडितांना हा क्रम कसा वाटेल मला माहीत नाही, पण वाचक म्हणून मला वाटतं की यामुळेच ‘स्मृतिचित्रे’तला नवा जन्म खरा वाटतो. त्याची खूण मनात नाही, हातात आहे. पुढे प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची सेवा करणारे, दुष्काळात पोरक्या झालेल्या लेकरांना जवळ घेणारे हात ते हेच. लक्ष्मीबाई ‘माझ्यात बदल झाला’ असं वाक्य लिहायच्या भानगडीत पडत नाहीत. काय केलं ते सांगतात, त्यात काय फजिती झाली ते सांगतात, आणि पुढे जातात.

रमाबाईंची आठ वर्षं

हा उशीर लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा भाग होता, असं कोणी म्हणेल. म्हणून शेजारी पंडिता रमाबाईंना ठेवून पाहू. त्या स्वभावाने, विद्येने, जगण्याने लक्ष्मीबाईंच्या अगदी उलट. संस्कृत पंडिता, एकटीने जग हिंडलेली बाई. रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. पण त्यांनी 1907 मध्ये इंग्रजीत आपली साक्ष लिहिली तेव्हा त्या काय सांगतात? की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनी.

मधल्या काळातली त्यांची पत्रं 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ज्या मठवासिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच रमाबाई वाद घालताना दिसतात. हे तत्त्व का मानायचं, तो अधिकार कोणी दिला, क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का? मांसाहार त्यांनी पत्करला नाही. मिशनऱ्यांना हे अहंकाराचं लक्षण वाटलं. मला ते निकदेमाचे प्रश्न वाटतात. पुढे याच बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो टाकलेल्या बायकामुलींना उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालं.

इतकंच काय, ज्या टिळकांना मी वर झटक्यात बदललेला माणूस म्हणून उभं केलं, त्यांचंही 1895 मध्ये सगळं संपलं नव्हतं. सुरुवातीचा जोश, मिशनची नोकरी, ‘ज्ञानोदय’चं काम, पाळकपद यांनंतर 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ख्रिस्ताची भजनं त्यांनी अभंगात लिहिली. म्हणजे ज्या माणसाने परतीची वाट तोडली असं सगळ्यांना वाटलं, तो आयुष्यभर तो पूल बांधतच होता. पुलावर उभं राहून त्याला दोन्ही काठ दिसत होते.

नवा जन्म कोणाला परवडतो?

इथवर मी या पुस्तकाची बाजू मांडली. त्याची एक मर्यादाही सांगायला हवी, कारण ती न सांगता केलेलं कौतुक अर्धवट ठरेल.

माझं बालपण नगरमध्ये गेलं. माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं होती. त्यांची आडनावं साळवे, गायकवाड, कांबळे. नावं काहींची संजय-सुनीता, काहींची सॅम्युएल-रूथ. त्यांच्यापैकी कोणाचेही पणजोबा टिळकांसारखे कवी नव्हते, आणि कोणाच्या पणजीने दोन चुलींचा प्रश्न सोडवायला पाच वर्षं घेतली नव्हती. नगर जिल्ह्यात मिशनकडे आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. वेगळं पाणी ठेवायचं की सोडायचं, हा निर्णय त्यांच्या हातात कधी नव्हताच. वेगळं पाणी त्यांच्यावर लादलेलं होतं. लक्ष्मीबाईंसाठी नवा जन्म म्हणजे उंचावरून स्वतःहून उतरणं. त्यांच्यासाठी तो होता शाळेची पाटी, छापलेलं पुस्तक, प्रार्थनेला एका रांगेत बसायला मिळणं.

‘तांदळाच्या गोणीसाठी’ हा टोमणा याच लोकांना मारला जातो. टिळकांना कोणी तो मारत नाही; त्यांच्याबद्दल ‘आध्यात्मिक तळमळ’ असे शब्द वापरतात. तळमळ ब्राह्मणाला, आमिष महाराला. भुकेल्या माणसाला विचार करता येत नाही, असं यात गृहीत आहे. दुष्काळात ज्याने धान्य दिलं त्याचा देव कसा आहे हे पाहावंसं वाटणं हाही एक विचारच आहे, आणि मला तो लक्ष्मीबाईंच्या विचाराहून कमी प्रतीचा वाटत नाही.

त्यांचा नवा जन्म कायद्याच्या कागदावरही अडकला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून दाखल्यावर जात उरत नाही, आणि गावात ती जात नाही. एका छताखालच्या दोन चुलींपेक्षा हा समांतर कारभार फार कठीण आहे, आणि तो कोणी हौसेने निवडलेला नाही.

या माणसांचं ‘स्मृतिचित्रे’ कुठे आहे? लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ही माणसं येतात, प्रेमाने येतात, पण बोलतात लक्ष्मीबाईच. हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. आपल्याजवळ होतं ते त्यांनी पूर्ण दिलं. पण ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ म्हटलं की टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, पदमनजी एवढ्यावर आपण थांबतो, तेव्हा मोजक्या माणसांच्या संकोचाला एका अख्ख्या समाजाचा अनुभव समजतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलांच्या घरी असतील त्या आठवणी कोणी विचारून लिहून घ्यायला हव्यात. आज्या थकत चालल्या आहेत.

चौसष्ट अध्याय

मग ‘स्मृतिचित्रे’ आज वाचायचं कशासाठी? मला एक हिशोब फार बोलका वाटतो. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र महाकाव्यात सांगायला घेतलं, ‘ख्रिस्तायन’. 1919 मध्ये ते गेले तेव्हा काव्य सुरुवातीलाच अडलेलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झालेले. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. त्यांनी लिहिलेले अध्याय 64. ज्या बाईला नवऱ्याने जमेल तसं लिहायला-वाचायला शिकवलं, जी बाप्तिस्म्याला पाच वर्षं नाही म्हणत राहिली, तिने त्याच्या काव्याचा मोठा भाग लिहिला. 1936 मध्ये त्या वारल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये प्रसिद्ध झालं. काव्य म्हणून त्याचा दर्जा काय, यावर वेगळं बोलता येईल. पण जो आधी पोचला त्याच्यापेक्षा जी उशिरा आली तिने जास्त वाट चालून दाखवली, हे आकड्यांतच दिसतं.

आमच्या वयाच्या लोकांना नव्या सुरुवातीची फार घाई असते. नोकरी बदलू, शहर बदलू, एक जानेवारीपासून व्यायाम, सोमवारपासून नवा मी. सगळी ॲप्स आपल्याला ‘रीसेट’चं बटण देतात. श्रद्धेकडे वळणारे माझे काही मित्रमैत्रिणीही तेच बटण शोधत असतात, मग ते चर्चमध्ये असो, विपश्यनेत असो की वारीत. महिन्याभरात जुना राग, जुनी भीती परत डोकावते आणि त्यांना वाटतं की आपलं काही खरं नव्हतं. अशा वेळी मी त्यांच्या हातात हे पुस्तक देते. त्यात एक बाई आहे. तिचा नवरा नवा झाला त्या दिवशी ती नवी झाली नाही. कोणाच्या जबरदस्तीने झाली नाही, कोणाच्या दयेने झाली नाही. तिने एका प्रश्नाचं उत्तर आपल्या डोक्याने शोधलं, मग हळूहळू आपले हात त्या उत्तराच्या मागे नेले. आणि जुन्या घरातलं हसणं, बोलण्याची ढब, माणसांचा लोभ हे सगळं तिने बरोबर आणलं. यातलं काहीच तिला विटाळ वाटलं नाही.